अळीचं खाणं

मंदाकिनीने सीताफळीचं पान तिसऱ्या पाण्यातून काढलं, धडप्याने पाठपोट पुसलं आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. देठाच्या बेचक्यात पांढऱ्या किडीचा एक ठिपका राहिला होता. तो तिने नखाने खरवडला, पान पुन्हा एकदा बुचकळलं आणि मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत अळीच्या पुढ्यात अलगद ठेवलं. अळी हलली नाही. कालही हलली नव्हती. मोराच्या पिसाने जरा डिवचलं तेव्हा ती बरणीच्या तळाशी पडली आणि पडली तशीच राहिली.

"गेली का?" स्वयंपाकघरातून रखमाआत्याने विचारलं.

"गेली," मंदाकिनी म्हणाली.

सुटली बिचारी, असं काहीसं आत्या पुटपुटली, आणि किडामुंगीला शिवलीस तेव्हा आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसू नकोस, असंही तिने बजावलं. मंदाकिनी बरणी हातात धरून तशीच बसून राहिली. ही तिसरी अळी होती. आधीच्या दोघीही अशाच सुरकुतत, लहान होत होत गेल्या होत्या. वाढायच्या वयात एखादं पोर खंगत जावं तसं ते दिसे, आणि दिवाळीची सुट्टी तर तोंडावर आली होती.

सगळ्याचं मूळ तिच्या जिभेत होतं. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत ती सृष्टिज्ञान आणि शिवण शिकवत असे. बी. एस्सी. झालेल्या बाईने पोरींकडून काज-बटणं करून घ्यावीत याचं तिला वैषम्य वाटे, पण ते तिने गिळलं होतं. पुढल्या वर्षी शाळेला नववी मिळणार असं कळलं तेव्हा मात्र त्या वर्गाला जीवशास्त्र हवंच असा हट्ट तिने धरला. कमिटीचं म्हणणं वेगळं होतं. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, बेडूक कापायला घेतला तर पालक शाळेवर चालून येतील. त्यापेक्षा गृहशास्त्र बरं, शेगड्या आहेतच. अध्यक्ष काशिनाथपंत दातार हे सज्जन, मृदू बोलणारे गृहस्थ; त्यांच्या नाती याच शाळेत शिकत. मृदू बोलणाऱ्या माणसाशी भांडण फार कठीण असतं. मंदाकिनीने तरी भांडून पाहिलं. शेवटी तिच्या तोंडून निघून गेलं की प्रयोगशाळा हवीच कशाला, ठाण्यातल्या कोणत्याही झाडावरचा कोणताही किडा घ्या, अंड्यापासून पंखांपर्यंत त्याचं सगळं आयुष्य मी एका बरणीत दाखवते.

"कोणताही?" कमिटीतले गद्रे वकील म्हणाले.

गद्रे वकिलांना फुलपाखरांचा नाद होता. वकिली मुलाच्या हवाली करून ते येऊरच्या रानात जाळं घेऊन हिंडत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत एक काचेची पेटी आणून ठेवली. आत टाचणीला टोचलेलं, नखाएवढ्या पंखांचं एक फुलपाखरू होतं. वरून मातकट तपकिरी, पुढच्या पंखावर एक फिकट डाग. खालून राखी पांढरं आणि त्यावर बारीक नागमोडी रेघा. रंग ना रूप. येऊरच्या पायथ्याच्या झाडीत ते वकिलांना पुष्कळदा दिसलं होतं, पण त्यांच्याजवळच्या इंग्रजी यादीतल्या दोन-तीन नावांना ते सारखंच जुळे, आणि त्यातलं खरं नाव कोणतं ते ठरत नसे. त्याच्या अळ्या त्यांना सापडल्या होत्या. त्या जगल्या नव्हत्या. लिंबावरचं फुलपाखरू काय, शेंबडं पोरही वाढवील, वकील म्हणाले. बाईंनी हे वाढवून दाखवावं.

दुसऱ्या कुणी विचार करायला वेळ मागितला असता. मंदाकिनी बरं म्हणून मोकळी झाली. दिवाळीच्या सुट्टीआधी दाखवलं तर नववीला जीवशास्त्र, नाहीतर गृहशास्त्र, असं कमिटीत ठरलं. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आत्याने तांदूळ निवडता निवडता वर पाहिलं.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

अळ्या मिळाल्या त्या बिट्रिसमुळे. बिट्रिस शाळेत इंग्रजी आणि कवायत शिकवी. तिचं घर माजिवड्याला, आणि घरामागे तिच्या वडिलांची सीताफळी-पेरूंची वाडी, जिच्या कुंपणापलीकडे रानच सुरू होई. त्या वर्षी वाडीवर पांढरी कीड पडली होती. फांद्यांच्या बेचक्यांत पीठ सांडल्यासारखे तिचे ढीग साचले होते आणि त्यांच्यावर मुंग्यांची सारखी ये-जा चालू होती. एका रविवारी दोघी तिथे बसल्या असताना ते तपकिरी फुलपाखरू आलं, किडलेल्या फांदीभोवती घुटमळलं आणि पोट वाकवून टेकलं. मंदाकिनीने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिथेच, त्या पिठात गाडल्यासारख्या, चपट्या, मंद अळ्या तिला सापडल्या.

घरी आणल्यावर तिने जे केलं ते रखमाआत्याच्या हाताखाली वाढलेल्या कुठल्याही मुलीने केलं असतं.

रखमाआत्या तिच्या वडिलांची बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत विधवा होऊन माहेरी आलेली. पुढे भाऊ-भावजय गेल्यावर मंदाकिनीला तिनेच वाढवलं, आणि पोरीला कॉलेजात घालताना नौपाडाभर बोलणी खाल्ली. सोवळ्याच्या बाबतीत मात्र तिला बोलायची कुणाची टाप नव्हती. सुतकाचा, पारण्याचा, शिवाशिवीचा वाद निघाला की आळीतल्या बायका तिच्याकडे निकाल मागायला येत, आणि तिने दिलेला निकाल त्यांचे नवरेही मोडत नसत. तिच्या घरात पालेभाजी तीन पाण्यांतून निघाल्याशिवाय विळीला लागत नसे. मेथीत एक किडा दिसला तर अख्खी जुडी गायीला जाई. अशा घरातल्या मुलीने किडकी फांदी बरणीत कशी ठेवावी? मंदाकिनीने स्वच्छ, कोवळी पानं निवडली, धुतली, पुसली. अळीच्या अंगावर पीठ होतं, तेही मोराच्या पिसाने झाडून काढलं. अळी म्हटली की ती पान खाणार, आणि खायचं पान म्हटलं की ते स्वच्छ हवं. यात शंका घ्यायला तिला कुठे जागाच दिसली नाही.

तिसरी अळी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बिट्रिस चौथी घेऊन आली. बरोबर फांद्यांचा मोठा भारा होता, तो तिने परसात बादलीच्या पाण्यात उभा करून ठेवला. बाबा आता वाडी साफ करून सगळा किडका माल जाळणार, तेव्हा ही शेवटचीच समज, असं तिने सांगितलं. मग मैत्रिणीचा चेहरा पाहून म्हणाली, "नाय जमलं तर नाय जमलं गं, मंदा. शेगड्यांवर आपण पोरींना केक शिकवू."

ती हसवायला म्हणाली होती. मंदाकिनीला हसू आलं नाही. नववीच्या पोरी आपल्या वर्गात बसून पोळीचे प्रकार वहीत उतरवून घेताहेत, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्याच दुपारी मलेरियावाले आले. सरकारची माणसं पाठीवर पंप घेऊन घरोघर डीडीटी मारत हिंडत असत. ओटी झाली, माजघर झालं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मात्र आत्या आडवी उभी राहिली. तिथे पाऊल टाकायचं तर आधी विहिरीवर आंघोळ करून या, असं तिने त्यांना सांगितलं, आणि ते मुकाट्याने पुढच्या घरी गेले. आता अख्ख्या घरात अळी जगेल अशी जागा तेवढीच उरली होती. मंदाकिनीने बरणी देवांच्या कोनाड्याखालच्या फळीवर नेऊन ठेवली. आत्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तिने नको म्हटलं नाही. आणि संध्याकाळी मंदाकिनीला हुडहुडी भरली.

पंप उशिरा आला होता, हिवताप आधीच अंगात शिरला होता. डॉक्टरांनी कोयनेल दिलं. त्याने कान गच्च झाले आणि डोळे उघडेनासे झाले. शुद्ध येई तेव्हा ती पानांचं विचारी. घातली आहेत, नीज तू, असं आत्याचं उत्तर लांबून ऐकू येई. धुतलीस का, हे विचारायचं दर वेळी मनात यायचं, पण ओठांवर यायच्या आत झोप लागायची.

ताप उतरला त्या सकाळी ती भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरापर्यंत आली आणि पारोशी म्हणून उंबऱ्याबाहेरच बसली. आत आत्या बरणीपुढे उभी होती. हातात चुलीचा लांब चिमटा, चिमट्यात परसातली फांदी, पदर नाकाला लावलेला. हात होईल तेवढा लांब करून, मान दुसरीकडे वळवून तिने ती फांदी जशीच्या तशी बरणीत सोडली, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, आणि चिमटा शुद्ध व्हावा म्हणून विस्तवात खुपसून ठेवला.

"आत्या, पानं धुतली नाहीस?"

"किड्यांनी लडबडलेली ती फांदी मी हाताने धुऊ? सोवळ्यात?" आत्या म्हणाली. "जगली आहे ना तुझी अळी, मग झालं तर."

जगली आहे. मंदाकिनीला ते खरं वाटेना. आत्याने बरणी उंबऱ्याकडे सरकवली. अळी नुसती जगली नव्हती, दुप्पट झाली होती. पिठाने इतकी माखली होती की फांदीवरच्या ढिगांतून ती वेगळी ओळखू येत नव्हती. एवढं दिसूनही मंदाकिनीला अक्कल आली म्हणावी तर तसं नाही. तिला वाटलं, अळीला बुरशी लागली, आता ते मोराचं पीस कुठे ठेवलं? उठून पीस शोधायचं त्राण अंगात नव्हतं म्हणून अळी वाचली. भिंग मात्र पदराच्या गाठीला होतं. ते डोळ्याला लावून ती पाहत बसली.

अळीने डोकं किडीच्या ढिगात खुपसलं होतं आणि ते मागे-पुढे हलत होतं. पोटाखालच्या पानाला कुठे दातही लागलेला नव्हता. बघता बघता त्या ढिगातली एक पिठाळ कीड पाय झाडू लागली, मग थांबली, मग आतून पोकळ होत होत नाहीशी झाली, आणि अळी शेजारणीकडे वळली. मुंग्या तिच्या पाठीवरून खुशाल येत-जात होत्या. पिठाखाली कोण आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता.

मंदाकिनीने भिंग खाली ठेवलं, पुसलं आणि पुन्हा उचललं. पुन्हा तेच दिसलं. ज्या पिठाला आपण रोग समजलो ते त्या जिवाचं अन्नही होतं आणि पांघरूणही. आपण ताट घासूनपुसून पुढ्यात ठेवत होतो आणि जेवण मोरीत ओतून देत होतो. तीन अळ्या आपल्या स्वच्छतेने उपाशी मेल्या. याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या वरताण उसळून आला तो आनंद. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. हे आपण पाहिलं, आपल्या डोळ्यांनी. तापाने रिकाम्या झालेल्या अंगाला तो आनंद पेलवेना, आणि ती उंबऱ्याशी बसून रडू लागली.

"आता काय झालं?" आत्याने विचारलं.

सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर वर गेली. बरणीच्या फळीवर हातभर अंतरावर देव होते, देवांपुढे नुकताच दाखवलेला नैवेद्य होता, आणि त्यांच्या पायाशी आत्याने स्वतःच्या हाताने एका मांसाहाऱ्याला दिवसेंदिवस जिवंत जीव खाऊ घातले होते. हे कळलं तर बरणी रस्त्यावर जाईल आणि आत्या प्रायश्चित्ताला बसेल. मंदाकिनीने जन्मात पहिल्यांदा जीभ आवरली. काही नाही, फांद्या अशाच घालत जा, धुऊ नकोस, एवढंच ती म्हणाली.

पुढचे दिवस तिने चोरासारखे काढले. शाळेतून आली की आत्या दाराशीच अळीची खबर सांगे. बिट्रिसच्या भाऱ्यातल्या अंड्यांतून आणखी दोन बारक्या अळ्या निघाल्या होत्या, त्याही आत्याने चिमट्याने उचलून बरणीत सोडल्या होत्या. चिमटा तोच, पण पदर नाकावरून केव्हा खाली आला होता ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. मग मोठी अळी एकदाची डहाळीला चिकटली, आखडली, निवर्तल्यासारखी झाली, आणि तिचा कोष झाला. तो आधी पाहिला आत्यानेच.

"मंदे, याला तोंड आहे गं," ती म्हणाली.

खरंच तोंड होतं. तुरीच्या दाण्याएवढा तो कोष, त्यावर दोन काळे डोळे, मध्ये चपटं नाक, फुगलेले गाल, कपाळावर आठी. साक्षात वानर. कुणी कोरलं असतं तर इतकं हुबेहूब साधलं नसतं. त्या दिवशी शनिवार होता. आत्याने कोषापुढे नकळत हात जोडले, आणि कमिटीसमोर हे दाखवशील तेव्हा मीही शाळेत येणार, असं जाहीर करून टाकलं. नको म्हणायला मंदाकिनीला कारण सुचेना.

फुलपाखरू बाहेर पडलं ते दिवाळीच्या सुट्टीला थोडेच दिवस उरले असताना, सकाळी, दूध उतू जाण्याच्या बेतात असताना. आत्याने दूध जाऊ दिलं आणि मंदाकिनीला हाक मारली. चुरगळलेले पंख दोघींच्या देखत सरळ होत गेले. वरून तपकिरी, पुढच्या पंखावर तोच फिकट डाग. मिटल्यावर खालून राखी, आणि त्यावर त्याच नागमोडी रेघा. मंदाकिनीने वकिलांची पेटी शेजारी धरली. रेघेला रेघ जुळत होती. आत्याने पेटीतल्या टाचणीकडे पाहिलं, आपल्या फुलपाखराकडे पाहिलं, आणि याला मात्र टोचायचं नाही हो, असं बजावून ती दूध पुसायला गेली.

आठवीच्या वर्गात कमिटीचे लोक पुढच्या बाकांवर बसले, मागे मुली, आणि कडेच्या खुर्चीवर लाल लुगड्यातली रखमाआत्या. तिला पाहून काशिनाथपंत दातार उठून उभे राहिले होते. बिट्रिस दाराशी होती. मंदाकिनीने सगळं क्रमाने दाखवलं: फांदीवरची अंड्यांची टरफलं, बारक्या अळ्या, रिकामा कोष, जाळीखाली बसलेलं फुलपाखरू. अळी त्या पांढऱ्या किडीच्या आधाराने वाढते, असं तिने गुळमुळीत सांगितलं आणि चटकन पुढे सरकली.

गद्रे वकिलांनी स्वतःचं भिंग काढलं. पेटीतलं फुलपाखरू, जाळीतलं फुलपाखरू, पुन्हा पेटीतलं, असं त्यांनी बराच वेळ ताडून पाहिलं. मग कोष उजेडात धरला आणि ते थांबले.

"एप-फ्लाय," ते हळूच म्हणाले.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं की यादीतल्या त्या दोन-तीन नावांत हे एक होतं. एप म्हणजे वानर. एवढ्याशा फुलपाखराचा वानराशी काय संबंध, म्हणून हेच नाव त्यांनी सगळ्यांत आधी खोडलं होतं. अळ्या त्यांच्याकडेही मेल्या होत्या. "आमचा माळी पानं धुऊन देत असे," ते म्हणाले आणि स्वतःच हसू लागले. हरल्याचं त्यांना काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. त्यांनी मंदाकिनीपुढे हात जोडले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मंदाकिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शिवणाच्या सगळ्या तासांची त्या एका क्षणात भरपाई झाली असं तिला वाटलं.

टाळ्या थांबल्या तेव्हा शेवंती बरणीला डोळा लावून उभी होती. वर्गातली सगळ्यांत चौकस मुलगी ती. भिंग हातात मिळालं की परत देत नसे.

"बाई," ती म्हणाली, "ही अळी पान खातच नाहीये. ही त्या किड्यांनाच खातेय. जिवंत."

 मंदाकिनीने आत्याकडे पाहायचं टाळलं. हो, ती म्हणाली, या फुलपाखराची अळी मांसाहारी असते.

दातारांनी उपरणं सारखं केलं. बाईंच्या चिकाटीचं कौतुक आहे, ते मृदूपणाने म्हणाले. बाईंनी शब्द पाळला, हेही खरं. पण मुली उद्या घरी जाऊन काय सांगणार? शाळेत आम्ही किडे खाणारा किडा पाळतो? चांगल्या घरांतल्या आया हे ऐकून मुलींना शाळेत ठेवतील का? शब्द आपल्या जागी, पण शाळेचं बरंवाईटही पाहायला हवं.  मंदाकिनीला दिसलं की जिंकलेली गोष्ट हातातून चालली आहे, आणि तीही इतक्या गोड आवाजात की ओरडायचीही सोय नाही.

"रखमाबाई," दातार वळून म्हणाले, "तुमच्यासारखं सोवळं ठाण्यात कुणाचं नाही. हे तुमच्या घरात वाढलं. ते काय खातं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं," आत्या म्हणाली.

"मग तुम्हीच सांगा."

आत्या उठली. तिने शेवंतीच्या हातातून भिंग घेतलं आणि बरणीवर वाकली. पुष्कळ वेळ ती तशीच वाकून होती. मंदाकिनीला तिच्या डोक्यावरच्या पदराशिवाय काही दिसत नव्हतं. घरी चिमटा विस्तवात खुपसणारी आत्या तिला आठवली, आणि आता काय व्हायचं ते होवो असं म्हणून ती फळ्याला टेकून उभी राहिली.

"काशिनाथपंत," भिंग खाली ठेवत आत्या म्हणाली, "पितृपक्ष होऊन काही फार दिवस नाही झाले. वडिलांचं पान कावळ्याला ठेवलं होतंत ना?"

"ठेवलं होतं."

"शिवला लवकर?"

"नाही. फार वाट पाहायला लावली," दातार म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला. "घरातलं कुणी जेवलं नव्हतं."

"आणि शिवल्यावर बरं वाटलं."

"वाटणारच."

"तो सकाळपासून कुठे कुठे चोच घालून आला होता, ते विचारलंत त्याला?"

 दातार उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"ज्याचं खाणं त्याला देवाने लावून दिलंय," आत्या म्हणाली. "पोरींनी ते बघितलं म्हणून पोरी बाटत नाहीत. हात मात्र धुवायला लावा." आणि ती खुर्चीवर जाऊन बसली.

निकाल झाला होता.  दातार खरोखरच सज्जन होते, आणि सज्जन माणसाला पटलं की तो फार ताणत नाही. रखमाबाईंना चालतं ते ठाण्यात कुणालाही चालायला हवं, ते म्हणाले, नववीला जीवशास्त्र. दाराशी उभ्या असलेल्या बिट्रिसने कवायतीची शिट्टी तोंडापर्यंत नेली होती, ती तिने महत्प्रयासाने खाली आणली.

शाळा सुटल्यावर जाळी उघडून फुलपाखरू फाटकाशेजारच्या झाडीत सोडलं आणि आत्या-भाची घरी निघाल्या. मंदाकिनीला आभाळाखाली मोठ्याने गावंसं वाटत होतं. पण आत्या दोन पावलं पुढे, न बोलता चालली होती, आणि ते न बोलणं मंदाकिनीला कळत होतं.

"तू मला सांगितलं नाहीस," तलावाचं वळण आल्यावर आत्या म्हणाली.

"तू बरणी फेकून दिली असतीस."

आत्याने थोडा विचार केला. "दिली असती," ती म्हणाली.

मग घरी गेल्यावर दोघींनी आंघोळी करायच्या, देवांची फळी गोमूत्राने पुसून घ्यायची आणि बरणी यापुढे ओटीवर राहील, हे तिने चालता चालता सांगून टाकलं. मंदाकिनीने सगळ्याला हो म्हटलं. बरणी तिच्या हातातच होती. आत्याने एकदा वाकून त्यात पाहिलं. दोन्ही बारक्या अळ्या डहाळीच्या टोकाशी आल्या होत्या. डहाळी जवळजवळ स्वच्छ झाली होती, आणि परसातला भारा तर केव्हाच संपला होता.

घराच्या अलीकडे सखुबाईचं अंगण लागे. सखुबाई भाजी विकायची, आणि रखमाबाईंनी आजवर तिच्या किती जुड्या परत केल्या होत्या त्याची गणती नव्हती. अंगणातल्या पेरूखाली आत्या थांबली आणि मान वर करून फांद्या न्याहाळू लागली. सखुबाई लगबगीने बाहेर आली. एक फांदी हवी आहे एवढं ऐकल्यावर तिने गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळखून झाडावरची सगळ्यांत हिरवीगार, नितळ फांदी वाकवली.

"ही घे, बाय. साफ हाय."

"ती नको. वरची दे, पांढरी पडलेली."

"ती कनाला? किडकी हाय ती."

"तीच दे," आत्या म्हणाली.

सखुबाईने एकदा मंदाकिनीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि फांदी तोडली. मग एवढ्या सोवळ्याच्या बाईच्या हातात तशी कशी द्यावी म्हणून ती पाण्याच्या पिंपाकडे वळली.

"धुऊ नकोस," रखमाआत्याने हात पुढे केला. "आहे तशीच दे."